पट्टा, साखळी, शाफ्ट: काळ्या मातीतला एक इतिहास

मोटारसायकलच्या इंजिनात निर्माण झालेली शक्ती मागच्या चाकापर्यंत पोचवण्याचे तीन रूढ मार्ग आहेत: साखळी, पट्टा आणि शाफ्ट. यांपैकी श्रेष्ठ कोणता, या प्रश्नाचे उत्तर बहुधा तक्त्याच्या रूपात दिले जाते. साखळी हलकी, स्वस्त आणि कार्यक्षम. स्वच्छ, नीट तेल घातलेल्या साखळीत वाया जाणारी शक्ती दोन-तीन टक्क्यांच्या आसपासच असते. पट्टा शांत आणि स्वच्छ, त्याला तेल लागत नाही. पण त्याला मोठ्या पुलींची जागा लागते आणि तुटला की तुटला. शाफ्ट वर्षानुवर्षे फारशी देखभाल न मागता चालतो. पण तो जड, महाग, आणि फिरण्याची दिशा काटकोनात वळवणाऱ्या दंतचक्रांत शक्ती थोडी अधिक खर्ची पडते. हे सारे खरेच आहे. तरीही या तक्त्यात दोन रकाने राहून गेल्यासारखे वाटतात. हे यंत्र बिघडले तर ते कोणी, कुठे आणि कोणत्या हत्याराने उघडायचे, हा पहिला. आणि ते उघडे राहिले तर त्यात कोणाचा पदर, कोणाचे बोट सापडते, हा दुसरा.

परभणी जिल्ह्यासारख्या प्रदेशात हे दोन रकाने वगळून काही सांगताच येत नाही. वर्षातले तीन-चार महिने चाकाला घट्ट धरून ठेवणारी काळी माती, उरलेले महिने मुरमाची धूळ, पाणंदीतून शेत आणि शेतातून पाणंद असा रोजचा प्रवास, आणि तालुक्याचे गाव पंधरा-वीस किलोमीटर दूर. इथे यंत्राची निवड अभियंत्याने केलेली नाही. ती चिखलाने, मेकॅनिकने आणि कायद्याने मिळून केली आहे. शिवाय या तिन्ही पद्धती परभणीत मोटारसायकलच्या आधीच पोचलेल्या होत्या, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

विसाव्या शतकाच्या तोंडावर निजामाच्या राज्यातून मनमाड ते सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग तयार झाला आणि गोदावरीच्या खोऱ्यातला कापूस मुंबईच्या बाजाराला जोडला गेला. सेलू, मानवत, परभणी ही कापसाची ठाणी. त्यामुळे सरकी वेगळी करणारे आणि गाठी दाबणारे कारखाने इथे आले. त्या काळच्या जिनिंगची रचना डोळ्यांपुढे आणली तर शाफ्ट आणि पट्टा यांची पहिली मोठी ओळख इथेच झाली असे दिसते. एका टोकाला एकच इंजिन, आधी वाफेचे आणि पुढे तेलाचे. त्या इंजिनाने फिरणारा एक लांबलचक लोखंडी शाफ्ट इमारतीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलेला, आणि त्या शाफ्टवरच्या पुलीवरून प्रत्येक जिनकडे उतरणारा एकेक सपाट पट्टा. म्हणजे शक्ती वाहून नेणारा तो शाफ्ट आणि ती वाटून देणारा तो पट्टा, अशी कामाची सरळ वाटणी. पट्टा कातड्याचा किंवा कापडी. तो ढिला झाला की तोडून, आखूड करून वादीने पुन्हा शिवायचा. घसरू लागला की त्याला राळ लावायची. आणि जिन थांबवायचे असेल तर चालत्या पुलीवरून तो बाजूला सरकवायचा. शेवटचे काम काठीने किंवा हातानेच होई.

या पट्ट्यांनी माणसे ओढून घेतली. तपशील गावागावाचा वेगळा असेल, पण हा धोका किती सर्वसाधारण होता हे कायद्याच्या भाषेवरूनच कळते. १९४८च्या कारखाने अधिनियमाचे एकविसावे कलम शक्ती वाहून नेणाऱ्या यंत्रभागांना कुंपण घालायला सांगत होते. बाविसावे कलम चालू यंत्राची साफसफाई करण्यास किंवा त्याला तेल घालण्यास स्त्रियांना आणि अल्पवयीनांना मनाई करीत होते, आणि चालत्या पट्ट्याजवळ जाणाऱ्या प्रशिक्षित कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असे सांगत होते. सत्ताविसावे कलम तर थेट कापूस पिंजणाऱ्या यंत्राविषयी होते: ज्या भागात ते यंत्र चालू असेल तिथे स्त्रिया व मुलांना कामाला ठेवू नये. कायदा अशी बारीक कलमे हवेतून काढत नाही. त्या प्रत्येक शब्दामागे कोणाचा तरी हात आहे.

जिनिंगमधून पट्टा शेतात आणि गल्लीत आला. त्याआधी विहिरीवर मोट होती. नाडा आणि सोंदूर या दोन दोरांनी बैलांची ताकद विहिरीच्या तळाशी पोचवणारी ती यंत्रणा. तीत दोर झिजला की शेतकऱ्यानेच तो बदलायचा. तेलाचे इंजिन आले तेव्हा बैलांच्या जागी इंजिन आणि नाड्याच्या जागी पट्टा आला. किर्लोस्करांच्या खडकीच्या कारखान्यात १९४६पासून इंजिने तयार होऊ लागली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत इंजिन, पट्टा आणि पंप हे त्रिकूट मराठवाड्याच्या विहिरींवर स्थिरावले. (जाता जाता: लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८मध्ये बेळगावात जो धंदा सुरू केला तो सायकलींचा होता. नांगर, इंजिने, पंप हे सगळे नंतरचे. साखळीचा हा धागा पुढे लागणारच आहे.) पिठाच्या गिरणीतही तोच पट्टा. गिरणीवाल्याने पट्टा चढवल्यावर जात्याचा आवाज हळूहळू चढत जाणे हा ज्यांच्या कानांत आहे, त्यांना पट्टा म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

मळणी यंत्र हा या प्रकरणाचा सर्वांत दुःखद भाग. ट्रॅक्टरच्या मागच्या शाफ्टवर किंवा इंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या या यंत्रांनी देशभरात इतके हात घेतले की १९८३मध्ये संसदेला धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम हा स्वतंत्र कायदा करावा लागला. पेंढी आत लोटण्याच्या तोंडाशी किती लांबीचे पन्हाळे असावे, पट्टे कसे झाकावेत, अशा गोष्टी आता सरकारी चिंतेचा विषय झाल्या. थोडक्यात, दुचाकी खेडोपाडी पोचण्याआधीच या जिल्ह्याला एक गोष्ट चांगली ठाऊक झाली होती: उघडे यंत्र दुरुस्त करता येते आणि उघडे यंत्र इजा करते. या दोन्ही गोष्टींचे कारण एकच, ते उघडे असते हे.

आता जरा बाहेर पाहू. मोटारसायकलचा पहिला वाहक पट्टाच होता. गॉटलिब डाइम्लरच्या १८८५च्या लाकडी वाहनात पट्टा होता, आणि पुढची तीस वर्षे बहुसंख्य दुचाक्या कातडी किंवा रबरी पट्ट्यावरच धावल्या. मधल्या काळात म्युनिकच्या हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी १८९४मध्ये एक विलक्षण प्रयोग केला: रेल्वेच्या इंजिनाप्रमाणे दट्ट्याचे दांडे थेट मागच्या चाकाला जोडले. हे वाहन कारखान्यात संख्येने तयार झालेले पहिले, पण ही वाट तिथेच संपली. पट्ट्याचा दोष पावसात उघड होई. ओला पट्टा घसरतो आणि चिखलाने माखलेला पट्टा अधिकच घसरतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याचे निरोपे जी ट्रायम्फ वापरत, तिच्या १९१५च्या आवृत्तीत इंजिनापासून गिअरपर्यंत साखळी आणि गिअरपासून चाकापर्यंत पट्टा अशी तडजोड होती. युद्धानंतरच्या दशकात ती तडजोडही गेली आणि साखळी सर्वत्र झाली.

ही साखळी मुळात कापडधंद्याची. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला हान्स रेनॉल्ड मँचेस्टरमध्ये गिरण्यांच्या यंत्रांसाठी साखळ्या करीत असे. १८८०मध्ये त्याने खिळा, त्याभोवती नळी आणि नळीभोवती फिरणारे रूळ अशा रचनेचे पेटंट घेतले, आणि झीज एका बिंदूवर न पडता नळीच्या सगळ्या लांबीवर पसरली. पाच वर्षांनी, १८८५मध्ये, स्टार्लीच्या रोव्हर सायकलने साखळीने मागचे चाक फिरवले आणि आजच्या सायकलचा आकार ठरला. आपल्याकडच्या वाचकाला यात एक तपशील विशेष वाटावा. सायकलच्या साखळीतल्या दोन खिळ्यांमधले अंतर अर्धा इंच. शंभर-सव्वाशे सीसीच्या मोटारसायकलवर सर्रास बसणाऱ्या '४२८' क्रमांकाच्या साखळीतही तेच, अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. रुंदी आणि ताकद वेगळी, माप तेच. परभणीच्या सायकलवाल्याला मोटारसायकलची साखळी परकी वाटली नाही, याला एवढे साधे कारणही पुरेसे होते.

शाफ्टचा वंश वेगळा आहे. बेल्जियमच्या एफएन कारखान्याने १९०५च्या सुमारास चार सिलिंडरची शाफ्टवाली मोटारसायकल आणली. १९२३च्या बीएमडब्ल्यू आर ३२ने ती परंपरा पक्की केली. माक्स फ्रित्सने त्या गाडीत इंजिनाचा मुख्य दांडा वाहनाच्या लांबीच्या दिशेने ठेवला, त्यामुळे शाफ्ट सरळ मागे गेला आणि दिशा फक्त एकदाच, चाकापाशी, वळवावी लागली. आडव्या दांड्याच्या इंजिनाला, म्हणजे आपल्या रस्त्यांवरच्या जवळजवळ सगळ्या दुचाक्यांना, ती दोनदा वळवावी लागली असती. स्वस्त दुचाकीत शाफ्ट का नाही, याचे निम्मे उत्तर इथेच आहे.

पण शाफ्टच्या बाजूने इतिहासाने एकदा जोरदार कौल दिला होता, आणि तोही मातीमुळेच. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळूने साखळ्या भराभर खाल्ल्या. जर्मनांच्या शाफ्टवाल्या गाड्या पाहून अमेरिकी सैन्याने हार्ले-डेव्हिडसनकडे तशीच गाडी मागितली. १९४२-४३मध्ये एक्सए नावाच्या सुमारे एक हजार गाड्या तयार झाल्या. तोवर युद्ध वाळवंटातून निघून गेले आणि जीपने मोटारसायकलचे कामच हिरावून घेतले. तो प्रयोग तिथेच थांबला. मुद्दा असा की सैन्याजवळ सुटे भाग, कारखाना आणि पगारी यांत्रिक असतात; त्याला बंद यंत्र परवडते. पाणंदीत अडकलेल्या माणसाजवळ यांतले काहीच नसते.

महाराष्ट्रात मात्र या तिन्ही मार्गांची पहिली टक्कर मोटारसायकलींत झाली नाही, ती स्कूटरींत झाली. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने पन्नाशीच्या दशकात लॅम्ब्रेटा जुळवायला सुरुवात केली. तिच्या त्या वेळच्या एलडी या प्रकारात शाफ्ट होता. पुढच्या एलआय मालिकेत तो जाऊन साखळी आली, पण ती तेलाच्या बंद पेटीत. दुसरीकडे बजाजने पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा काढली आणि तो करार संपल्यावर १९७२मध्ये तिला चेतक हे नाव दिले. व्हेस्पाचा रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हा विमानविद्येचा अभियंता. त्याला मोटारसायकलींची नावड होती, आणि त्यातही कपडे मळवणाऱ्या साखळीची अधिक. त्याने इंजिन, गिअर आणि मागचे चाक एकाच पिंडात बसवले. पट्टा नाही, साखळी नाही, शाफ्टही नाही. दंतचक्राला दंतचक्र लागून थेट चाक.

साताऱ्याला महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया, आकुर्डीला चेतक, आणि १९८५पासून वाळूजचा कारखाना. तरीही चेतकसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. परभणीसारख्या ठिकाणी ती आली ती प्राध्यापक, बँकेतले कर्मचारी, १९७२मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठातले लोक यांच्या दारी. तिच्या बंद पिंडाची गुणवत्ता निर्विवाद होती. परंतु दहा इंचांची चाके काळ्या मातीत रुतत आणि चाक व पत्रा यांच्यामधल्या बोटभर जागेत चिखल भरून बसे. शक्ती चाकापर्यंत बिनचूक पोचे, चाकच फिरत नसे. दास्कानिओने इटलीतल्या रस्त्यांसाठी केलेली रचना पाथरीच्या पाणंदीत हरली, यात तिचा दोष काहीच नाही.

खेड्यातली दुचाकी म्हणजे फटफटी, आणि फटफटीला साखळी. बुलेट, राजदूत, म्हैसूरची जावा, आणि या सगळ्यांच्या खाली, सामान्य माणसाच्या आवाक्यातली, फिरोदियांची १९७२ची लूना. यांत जावाचा उल्लेख मुद्दाम करायला हवा, कारण तिची साखळी पूर्णपणे पत्र्याच्या पेटीत झाकलेली होती. चेकोस्लोव्हाकियातही चिखल असतोच.

खरे वळण आले १९८५मध्ये, हीरो होंडाच्या सीडी १०० या गाडीबरोबर. तिच्याविषयी सहसा जे लिहिले जाते ते तिच्या मायलेजविषयी, चार फटक्यांच्या इंजिनाविषयी, 'भरा, बंद करा, विसरून जा' या अर्थाच्या प्रसिद्ध जाहिरातीविषयी. माझ्या मते मराठवाड्याच्या दृष्टीने तिच्यातली तितकीच मोलाची गोष्ट म्हणजे तिचे पूर्ण चेन-कव्हर. ही कल्पना होंडाच्या १९५८च्या सुपर कबपासूनची. दोन पत्रे, वरचा आणि खालचा, मोजक्या बोल्टांनी आवळलेले. मध्ये साखळीचा ताण पाहण्यासाठी रबरी बुचाचे एक भोक. दिसायला ही गोष्ट इतकी सामान्य की तिच्यावर कोणी निबंध लिहीत नाही. पण साखळी कशामुळे मरते हे पाहिले की तिचे महत्त्व कळते. साखळी 'लांबते' असे आपण म्हणतो. वास्तविक लोखंड ताणले जात नाही. खिळा आणि नळी यांच्यात कण शिरतात, तेलात मिसळून त्यांचा घासणारा लेप तयार होतो, प्रत्येक सांध्यात केसाएवढी पोकळी पडते, आणि शंभराहून अधिक सांध्यांच्या पोकळ्या मिळून साखळी बोटभर वाढते. काळी माती स्वतः मऊ. पण रस्त्यावरचा मुरूम बेसॉल्टचा, आणि पावसाच्या उघडीपीनंतर उडणारी त्याची भुकटी सांध्यात शिरली की कानस फिरल्यासारखे काम करते. कव्हर ही भुकटी बाहेर ठेवते.

आणि तरीही ते कव्हर उघडता येते. दहा नंबरचा पाना, पक्कड आणि एक स्क्रू-ड्रायव्हर एवढ्यावर जिंतूर, गंगाखेड किंवा पालमच्या फाट्यावरचा मेकॅनिक ते दहा मिनिटांत बाजूला करतो. मागच्या चाकाचा नट ढिला करून चाक मागे ओढणे, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करणे, साखळीचे लॉक काढणे, फारच वाढली असेल तर एक-दोन कड्या कमी करणे. आणि तेही पुरे झाले की 'चेन-सॉकेट' बदलणे. (मूळ शब्द स्प्रॉकेट, पण मराठवाड्यातल्या दुकानाच्या पाटीवर तो बहुतेक ठिकाणी सॉकेटच असतो, आणि भाषा वापरणाऱ्यांची असते.) तुटलेली साखळी म्हणजे तुटलेली एक कडी. बाकीची साखळी शाबूत असते आणि खिशातल्या एका लॉकवर गाडी घरी येते. पट्टा असा तुकड्यातुकड्याने मरत नाही. गिरणीचा शिवलेला पट्टा मरत असे, पण दुचाकीचा दाते असलेला अखंड पट्टा शिवता येत नाही. शाफ्ट तर बिघडला हे कळायलाच बराच काळ जातो. साखळीचा हा विभाज्यपणा तक्त्यात कुठे मांडायचा?

शिवाय मागचे चक्र दोन-चार दात्यांनी मोठे लावले की तीच गाडी ओझे चांगले ओढते, वेग कमी झाला तरी. दुधाच्या कॅन वाहणारे लोक हा उपाय करीत आले आहेत. आणि साखळीने मिळणारी शक्ती चाकालाच द्यावी असेही कोठे लिहिलेले नाही. सौराष्ट्रातल्या अमरेली जिल्ह्यात, तिथेही कापूस आणि काळी मातीच, मनसुखभाई जगाणी यांनी नव्वदच्या दशकात बुलेटचे मागचे चाक काढून तिथे मशागतीची अवजारे बसवली. 'बुलेट सांती' या नावाने ती गाजली. दुष्काळात बैल पोसणे अशक्य झालेल्या शेतकऱ्यासाठी केलेली ती जुळणी होती. बंद पिंडाच्या चेतकचे असे काही करता आले नसते.

सीडी १००च्या कव्हरला दुसरीही एक बाजू आहे, आणि तो त्या तक्त्यातला दुसरा रकाना. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात. लुगडे किंवा साडी नेसलेली स्त्री मागे बसते ती डावीकडे पाय सोडून. आणि यातल्या बहुतेक गाड्यांची साखळी डावीकडेच असते. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे. यालाच आपण साडी-गार्ड म्हणतो. परदेशी मासिकांतल्या लेखांत या जाळीची थट्टा अधूनमधून वाचायला मिळते. ती करणाऱ्यांनी चाकात ओढला गेलेला पदर पाहिलेला नसतो. नियम चाकाविषयी बोलतो, साखळीविषयी नाही. साखळीचे काम त्या पूर्ण कव्हरने परस्पर केले. जिनिंगमधल्या स्त्रीसाठी कायद्याने जे कुंपण मागितले होते, ते दुचाकीवरच्या स्त्रीला एका जपानी पत्र्याने, बहुधा वेगळ्याच हेतूने, मिळवून दिले.

पट्टा दुचाकीत परत आला तो मात्र झाकूनच. १९८४मध्ये फिरोदिया आणि होंडा यांच्या भागीदारीतून आलेल्या कायनेटिक होंडात गिअर बदलावे लागत नव्हते. रबरी पट्टा दोन पसरणाऱ्या-मिटणाऱ्या पुलींवरून धावे आणि वेगानुसार गुणोत्तर आपोआप बदले. नव्या शतकाच्या आरंभी होंडाच्या ॲक्टिव्हाने हीच पद्धत सर्वदूर नेली. पायाने गिअर टाकावा लागत नाही आणि बसण्याची जागा सपाट, यामुळे परभणीतल्या मुली आणि शिक्षिका स्वतः वाहन चालवू लागल्या. मागे बसणारी पुढे आली. साडी-गार्डच्या प्रश्नाचे एवढे मूलगामी उत्तर कोणत्याही नियमाने दिले नव्हते. पण त्या पट्ट्याच्या पेटीला थंड राहण्यासाठी हवा आत घ्यावी लागते. ओढ्यातून गाडी घातली की हवेच्या वाटेने पाणी शिरते, आणि शंभर वर्षांपूर्वी ट्रायम्फच्या निरोप्याला जो अनुभव येई तोच येतो: इंजिन गर्जते, पट्टा घसरतो. तो तुटला तर फाट्यावर इलाज नाही. गाडी ढकलत किंवा टेंपोत घालून शहरात न्यावी लागते. म्हणून बरीच वर्षे एक अलिखित सीमारेषा राहिली: डांबरी रस्ता संपतो तिथपर्यंत पट्टा, त्यापुढे साखळी.

मोठ्या गाड्यांतल्या दातेरी पट्ट्याची कथा आणखी वेगळी. १९८०मध्ये हार्ले-डेव्हिडसनने स्टर्जिस या गाडीत पट्टा परत आणला, आणि पुढे पट्टा हीच त्या कंपनीची ओळख झाली. भारतात २०१४पासून बावलच्या कारखान्यात तयार झालेल्या स्ट्रीट ७५०लाही पट्टाच होता. २०२०मध्ये कंपनीने इथला गाशा गुंडाळला आणि हीरो मोटोकॉर्पशी हातमिळवणी केली. त्यातून २०२३मध्ये आलेल्या एक्स ४४०ला मात्र साखळी आहे. किंमत हे त्याचे उघड कारण असणारच. पण भारतीय ग्राहकासाठी म्हणून हार्ले घडवायला बसल्यावर हात साखळीकडे गेला, हे लक्षात राहण्यासारखे आहे.

गंमत अशी की याच काळात आपल्या रस्त्यांवर साखळी पुन्हा उघडी पडत चालली आहे. गतिमान दिसणाऱ्या मोटारसायकलींना पूर्ण कव्हर शोभत नाही, म्हणून ते गेले. त्याऐवजी प्रत्येक सांध्यात रबरी कड्यांनी ग्रीस कोंडलेली साखळी आली. भुकटीच्या प्रश्नाला हे उत्तर हुशार आहे. मात्र तारेच्या ब्रशने आणि पेट्रोलने साखळी धुण्याची फाट्यावरची जुनी रीत या कड्यांना मारक ठरते. आणि पदराच्या प्रश्नाला तर हे उत्तरच नाही. कव्हर काढणाऱ्याने दोन कामे करणारी वस्तू काढली आणि एकाच कामाची भरपाई केली. गावाकडे मुलाच्या हट्टाने घेतलेल्या अशा गाडीवर आई मागे बसते, तेव्हा हा हिशेब तिच्या वाट्याला येतो.

विजेच्या दुचाकींनी हा सारा प्रश्न पुन्हा पाटीवर मांडला आहे. मोटर थेट चाकातच बसवली तर वाहकाची गरजच उरत नाही. काही स्कूटरींनी तेच केले. एथरच्या ४५० मालिकेने दातेरी पट्टा घेतला. ओलाने २०२५च्या आरंभी जाहीर केलेल्या तिसऱ्या पिढीत पट्टा सोडून साखळी घेतली. बजाजने २०१९मध्ये जुन्या नावाने नवी चेतक पुढे आणली, ती १९७२च्या चेतकसारखीच: दंतचक्रांचा बंद पिंड, साखळी नाही, पट्टा नाही. म्हणजे १९०५ ते १९२५ या काळात युरोपात जी घालमेल चालू होती, ती सगळी इथे पाच-सात वर्षांत पुन्हा घडते आहे. फरक एवढाच की आता पेटीचे झाकण पान्याने उघडले तरी आत जे असते ते पान्याने दुरुस्त होत नाही. त्याला अधिकृत केंद्राचा संगणक लागतो, आणि ती केंद्रे आधी जिल्ह्याच्या ठिकाणी येतात. सोनपेठ-पालमकडच्या फाट्यांवरच्या दुकानांत दारावरच्या खिळ्याला अजून ४२८च्या साखळ्या टांगलेल्या असतात, आणि पावसाळा संपता संपता, सोयाबीनच्या काढणीआधी, त्या सर्वांत जास्त खपतात.